टोचन न लावता करूळचा घाट

कोल्हापूरची माणसं देवगडला मासे खायला जातात, समुद्र बघायला जातात, आंब्याच्या दिवसांत पेट्या आणायला जातात. मी सरकी पेंडीची पोती पोचवायला गेले, आणि तेही ट्रकमध्ये क्लीनरच्या सीटवर बसून. आल्यापासून जो भेटतो तो विचारतोय, काय झालं गाडीचं. प्रत्येकाला उभ्याउभ्या सांगून तोंड दुखायला लागलं, म्हणून एकदाच लिहून काढते.

माझे बाबा मार्केट यार्डात हमाल होते. गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, उचलून त्यांचा खांदा एका बाजूला उतरलाय. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. बी.कॉम. केलं, मग मालवाहतुकीचा डिप्लोमा केला आणि आज त्याच यार्डासमोर ट्रकमालकांच्या एका लहानशा संस्थेत गाड्यांचं नियोजन बघते. बाबा ज्या गाड्या भरायचे, त्या कुठं जायच्या ते मी ठरवते. हे मी कुणालाही सांगते, न विचारता सांगते.

आमच्या गाड्या घाट उतरून कोकणात जातात त्या भरलेल्या, आणि परत येतात त्या बहुतेक रिकाम्या. रिकामी गाडीही घाट चढताना डिझेल पितेच. शिवाय यार्डाच्या गेटवर नंबर लागेपर्यंत इंजिन चालू ठेवायची सवय. तो धूर ड्रायव्हर काच वर करून चुकवतो, हमालाला काच नसते. देशातला बराचसा माल असाच हिंडतो, एका बाजूनं भरलेला आणि दुसऱ्या बाजूनं नुसता धूर. सगळ्या देशाचं माझ्या हातात नाही. संस्थेच्या गाड्यांचं थोडंफार आहे. म्हणून ट्रक बनवणाऱ्या कंपनीच्या मागं लागून मी विजेवरचा एक ट्रक महिनाभर चाचणीला आणला आणि देवगडहून परतीचा माल ठरवला. काजू बी, गडहिंग्लजच्या एका व्यापाऱ्याची, त्याच्या कोल्हापुरातल्या गोदामात उतरवायची.

महिना संपत आला होता. शहरातल्या शहरात गाडी पळाली, हुपरीला जाऊन आली, कुणाला काही वाटलं नाही. आमचे अध्यक्ष आण्णा, स्वतःच्या चार गाड्या, आवाज लाउडस्पीकरसारखा. त्यांनी सगळ्यांच्या देखत अट घातली.

"मॅडम, सपाटीला म्हस पण पळतीया. करूळचा घाट उतरून, पुरा माल भरून वर आली तर असल्या दोन गाड्या घ्यायच्या कागदावर सह्या करतो. टोचन लावून आली तर सोमवारी कंपनीला परत. मग पाच वर्सं इजेच्या गाडीचं नाव काढायचं न्हाय."

टोचन म्हणजे बंद पडलेली गाडी दुसऱ्या गाडीला दोरानं बांधून ओढत आणणं. ट्रकवाल्यांत याच्याएवढी फजिती दुसरी नाही. चहाच्या टपरीवर लगेच सुरू झालं, दोर कुणाचा घ्यायचा, नायलॉनचा बरा की लोखंडी.

"घ्या की बघून," मी म्हणाले. "घरी झोपाळ्याला उपयोगी पडंल."

गगनबावड्यापर्यंत

ड्रायव्हर तात्या. डिझेलच्या गाडीवर केस पांढरे केलेला माणूस. चाचणीला कुणीच तयार होईना तेव्हा हा तयार झाला, कारण त्याला गुडघ्याचा त्रास आहे आणि या गाडीला क्लच नाही. निघताना त्यानं चारी बाजूंच्या चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला आणि पुढच्या काचेला हात लावून पाया पडला. मला म्हणाला, "तुमी न्हाय पडत?"

"मी रात्रभर गाडी चार्ज केलीय तात्या. ती माझी पूजा."

"बरं. दोन्ही असूदे."

एप्रिल महिना. सकाळीच ऊन तापलेलं. कळे गावाच्या पुढं रस्त्याकडेला उसाचे फड संपत जातात आणि डोंगर जवळ यायला लागतात. तात्या सारखा कान देऊन ऐकत होता. आयुष्यभर इंजिनाच्या आवाजावरून गाडीची तब्येत ओळखलेला माणूस, त्याला ऐकायला काहीच नव्हतं.

"आजारी माणसाजवळ बसल्यागत वाटतंय मॅडम. बोलंना झालीया."

"स्क्रीनवर बघा की. तिथं बोलतीय ती."

"ते तुमी बघा. मी रस्ता बघतो."

असं कामाचं वाटप झालं. ते चुकीचं झालं, हे पुढं कळलं.

गगनबावड्याला भजी खाल्ली. पावसाळ्यात इथं समोरचं माणूस दिसत नाही इतकं धुकं असतं, आता सगळं लख्ख होतं. कड्यावरून खाली कोकण दिसत होतं, निळसर, वाफ धरलेलं. टपरीवाल्यानं ट्रकभोवती फेरी मारली आणि विचारलं, "पावणं, सायलेन्सर कुठं पडला?" तात्या म्हणाला, "घरी ठेवलाय. बायको वापरतीया." पहिल्यांदाच त्यानं गाडीची बाजू घेतली.

उतार

या गाडीची खरी करामत उतारावर आहे. ड्रायव्हरनं पाय उचलला की उताराच्या जोरानं चाकं मोटर फिरवतात आणि बॅटरीत वीज परत भरते, कंपनीवाले त्याला 'रीजन' म्हणतात. गाडी आपोआप धरल्यासारखी हळू होते, ब्रेकवर ताण येत नाही. कंपनीच्या टाय लावलेल्या माणसानं हे पडद्यावर चित्रं दाखवून हिंदीतून समजावलं होतं आणि तात्यानं मान डोलावली होती. माझ्या हिशोबात घाट उतरल्यावर बॅटरी वाढायला हवी होती. त्या वाढीवर देवगडपर्यंतचा निवांतपणा अवलंबून होता.

अर्ध्याहून जास्त घाट मी दरी बघत बसले. करवंदाच्या जाळ्या, वर माकडं, खाली दोरीसारखा रस्ता. मग जळका वास आला. स्क्रीनकडं बघितलं तर आकडा जिथल्या तिथं. आणि तात्याचा पाय ब्रेकवर, सारखा.

"तात्या, गाडी कशात हाय?"

"न्यूट्रलात."

"न्यूट्रलात?"

"मग? उताराला गेरात ठेवून उगंच कशाला खायला घालायचं? आमच्या वस्तादानं शिकवलंय. घाट लागला की न्यूट्रल मार, मालकाचं डिझेल वाचव."

आमच्याकडचे सगळे ड्रायव्हर हेच करतात. धोक्याचं आहे, ब्रेक तापतात, तरी करतात, आणि ते चांगल्या मनानं करतात. मालकाचं वाचवणारा तो इमानी ड्रायव्हर. तात्या माझं वाचवत होता, आणि वाचवता वाचवता भरायची वीज सगळी ब्रेकमधून धुरावाटे चालली होती.

वळणावर रुंद जागा बघून गाडी बाजूला घेतली. तात्यानं खाली उतरून चाकाच्या मधल्या भागाजवळ हात नेला आणि मागं घेतला. चटका बसला होता.

मी ओरडले नाही. मनात आलं होतं. म्हणाले, "तात्या, ही गाडी उताराला कमावती. न्यूट्रल मारला की तिचा पगार बंद."

त्यानं चटका बसलेला हात झटकला. मग म्हणाला, "हे असं सांगायचं हुतं त्या टायवाल्यानं. तो कायतरी रिजन-रिजन म्हणत हुता. मला वाटलं गाडीला रजिस्टर करायचं हाय."

ब्रेक थंड होईपर्यंत थांबलो. घाट बराचसा संपलेला होता, उरलेल्या उतारावर आकडा थोडासाच चढला. पायथ्याला, वैभववाडीच्या अलीकडं, रस्त्यालगत एक भाताची गिरण दिसली. शटर बंद, दारात पाला साठलेला, पण खांबावरनं जाड तारा आत गेलेल्या. मी ते बघून ठेवलं. तेव्हा काही ठरवून नाही. हिशोब बिघडला की माझं लक्ष आपोआप तारांकडं जायला लागलं होतं.

देवगड

देवगडला पेंड उतरवून आम्ही बंदराजवळच्या बर्फाच्या कारखान्यात गेलो. फोनवर आधीच ठरवलं होतं. गाडीबरोबर चार्जिंगची एक पेटी येते, ती थ्री-फेजच्या जोडणीला लावता येते, आणि बर्फाच्या कारखान्याएवढी भक्कम जोडणी गावात दुसरीकडं नसते. कारखाना चालवणाऱ्या काकी दारातच उभ्या होत्या, कमरेला ओचा खोचलेला, हातात बर्फ फोडायचा टोचा.

"हिचो आवाजच येना नाय. बंद पडली काय गो?"

"नाही काकी, असाच असतो."

"मगे बरा. माझ्या घोवाची फटफटी अशी व्हयी होती."

नवऱ्याच्या फटफटीवरचा राग असा काढून त्यांनी तार लावू दिली, पण एक गोष्ट स्पष्ट सांगितली. बर्फाचा कॉम्प्रेसर आणि आमची पेटी एकदम चालली तर त्यांचा फ्यूज जाणार. संध्याकाळी ट्रॉलर येणार. "मी करंट देतंय, पण बर्फ थांबाचो नाय. ट्रॉलर इले काय तुझी वायर बाजूक." मला हे पटलं. ज्याच्या घरी पाहुणे म्हणून जायचं त्याचा धंदा बुडवून कसं चालेल. कॉम्प्रेसर विश्रांती घेईल तेव्हा आम्ही वीज घ्यायची, तो सुरू झाला की काढायची.

मधल्या वेळेत काजू बी भरली. हमालांनी पोती इतक्या शांतपणे भरली की मला चुकल्यासारखं झालं. आमच्या यार्डात एक पोतं चढवायला चार शिव्या लागतात.

जेवणाच्या वेळी काकींनी आडनाव विचारलं. मी सांगितलं. या प्रश्नाच्या मागं दुसरा प्रश्न असतो, तो मला लहानपणापासून माहीत आहे, म्हणून त्याचंही उत्तर लगेच दिलं, "बौद्ध आहोत आम्ही."

"बरा. मासे खातंस मा?"

"खाते."

"मगे जेवूक बस."

एवढंच. माझ्या खांद्यावरचं एक पोतं उतरलं.

बांगड्याचं तिखलं, भात, सोलकढी. तात्यानं एक घास खाऊन हळूच मला विचारलं, "ह्यात तिखट कुठं हाय?" पण खरी पंचाईत पुढं झाली. काकींनी दुसऱ्यांदा वाढायला भात आणला, तात्या म्हणाला, "नको नको." काकी पातेलं घेऊन आत गेल्या आणि आल्याच नाहीत. कोल्हापुरात नको म्हणायचं असतं, समोरच्यानं ताटात ढकलायचं असतं, मग पुन्हा नको म्हणायचं, मग तो रागावतो आणि मग आपण खायचं. इथं नको म्हणजे नको. तात्या अर्धपोटी उठला. बाहेर येऊन म्हणाला, "ही माणसं लई सरळ हायत. उपाशी मारतील."

ट्रॉलर आले, कॉम्प्रेसर सुरू झाला, आमची तार बाजूला गेली. त्यांचा बर्फ संपेपर्यंत आम्ही वाट बघितली, तोवर त्या भागातली लाइटच गेली आणि आली ती पहाटे. काकींनी झोपायला पडवी दिली. सकाळी बघितलं तर बॅटरी अर्ध्याच्या थोडी वर. घाटाच्या पायथ्यापर्यंत आरामात, पण पुरा माल घेऊन वर चढून पुढं कोल्हापूर गाठायचं म्हणजे अवघड. कंपनीच्या माणसानं फोनवर सांगितलं, एवढ्या चार्जवर घाट चढू नका.

आण्णांना वास लागतोच. फोन आला.

"काय मॅडम? टोचन पाठवू काय?"

"नको."

"मग निम्मी पोती उतरवून या. निम्म्या मालात येतीया ती. मी काय म्हणत न्हाय, कुणाला कळत बी न्हाय."

आण्णा मायेनं म्हणत होते, हे मला कळत होतं. तात्याही म्हणाला, "उतरवूया की. उरलेली उद्या दुसऱ्या गाडीनं." दुसरी गाडी म्हणजे डिझेलची, आणि ती इथवर रिकामी येणार. ज्याच्याविरुद्ध मी महिनाभर बोलत होते तेच, वर लपवाछपवी. निम्म्या मालानं गाडी वर गेली असती आणि मी खाली आले असते.

"एक पोतं उतरणार नाही," मी म्हणाले. "तात्या, चला. वैभववाडीच्या पुढं, घाटाच्या पायथ्याला एक गिरण आहे."

गिरण

गिरणीचे मालक शेजारच्याच घरात राहत होते. म्हातारे, अंगात बनियन, आंब्याची आढी लावत बसलेले. मी नमस्कार करून सरळ सांगितलं, गाडी विजेची आहे, घाट चढायचाय, तुमच्या थ्री-फेजमधून वीज हवीय, युनिटप्रमाणं पैसे देते.

त्यांनी गाडी बघितली, मला बघितलं. "गिरण बंद असा. भात खंय असा या दिवसांत? दिवाळीनंतर ये."

"भात नाही आजोबा. नुसती वीज."

"म्हणजे गिरण चलाची नाय, पण मीटर फिरतला."

"हो."

याचं त्यांना हसू आलं. शटर उघडायला तात्यानं हात लावला. आत तुसाचा वास, कोळ्यांची जाळी, पण जोडणी ठणठणीत. पेटी लावली, हिरवा दिवा लागला. वर्षातले कितीतरी महिने ही भक्कम तार नुसती लोंबत असते. रस्त्यावर अशा किती गिरण्या, किती बर्फाचे कारखाने, किती गुऱ्हाळं. चार्जिंगची ठिकाणं नाहीत म्हणून आमच्या बैठकीत सगळे रडत होते. ठिकाणं होती, कुलपात.

दुपार तिथंच गेली. आजोबांनी आंबे कापून दिले. ते म्हणाले, "आणखी घ्या." तात्या या वेळी शहाणा झाला होता. पहिल्याच वेळेला हो म्हणाला.

पैसे त्यांनी मोजून घेतले, आणि वर म्हणाले, "पुढच्या खेपेक कोल्लापूरचो गूळ हाड." गूळ आण म्हणताना पुढची खेप होईल हे या माणसानं धरून चाललेलं ऐकून मला बरं वाटलं.

चढ

घाटाला लागलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. एसी बंद, काचा खाली. आवाज नसल्यामुळं प्रत्येक वळणाला हॉर्न द्यावा लागत होता, नाहीतर वरून येणाऱ्याला आम्ही कळलोच नसतो. आकडा भराभर उतरत होता. मी तो मोठ्यानं वाचत होते, शेवटी तात्या म्हणाला, "मॅडम, आता गप बसा. मला भ्या वाटतंय."

पण गाडी चढत होती. जांभा चिरा भरलेला एक डिझेलचा ट्रक पुढं कण्हत, काळा धूर ओकत चालला होता. तात्यानं रुंद जागा बघून त्याला मागं टाकलं. त्या ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं काढून आमच्याकडं बघितलं, मग आमच्या मागच्या बाजूकडं बघितलं, रिकामी असणार म्हणून. ताडपत्रीखाली पोती काठोकाठ.

शेवटची काही वळणं राहिली आणि समोर रस्त्यावर झाडाच्या फांद्या टाकलेल्या, पुढं गाडी अडकल्याची खूण. एका जीपचा टायर फुटला होता, वरून येणाऱ्या गाड्या आधी सोडत होते. आम्हाला ऐन चढावर थांबावं लागलं. मागं तोच चिऱ्याचा ट्रक येऊन उभा राहिला.

भरलेली गाडी चढावर थांबली की क्लीनरनं उडी मारून मागच्या चाकाखाली दगड लावायचा, हा नियम आहे. क्लीनरच्या सीटवर मी होते. उतरले, कडेचा दगड दोन्ही हातांनी उचलला आणि चाकामागं नेऊन लावला. बाबा एकेका दिवसात किती उचलायचे त्याचा त्या एका दगडानं अंदाज आला. मागचा ड्रायव्हर म्हणाला, "ताई, क्लीनर बदलला काय?"

"व्हय. शिकलेला ठेवलाय."

रस्ता सुटला. तात्यानं आरशातून माझ्याकडं बघितलं, मी मान हलवली. डिझेलच्या गाडीत या क्षणाला क्लच, रेस, हँडब्रेक यांची झटापट असते आणि गाडी हातभर तरी मागं येतेच. आमची गाडी दगडाला न टेकता पुढं सरकली. जराही मागं आली नाही. मी दगड कडेला ढकलला आणि पळत जाऊन आत चढले. तात्यानं स्टिअरिंगवर दोनदा थाप मारली, बैलाच्या पाठीवर मारावी तशी.

गगनबावड्याच्या त्याच भज्यांच्या टपरीसमोर आण्णांचा ट्रक उभा होता. आण्णा स्वतः बाकड्यावर, शेजारी नायलॉनचा नवा दोर गुंडाळून ठेवलेला. ते आम्हाला ओढून न्यायला आले होते. माझी फजिती बघायला की माझी सोय करायला, हे मी त्यांना अजून विचारलेलं नाही. बहुतेक दोन्ही.

ते उठले, ताडपत्री उचलून पोती दाबून बघितली. गाडीभोवती फिरले. स्क्रीनवरचा आकडा मला वाचून दाखवायला लावला, मग स्वतः चष्मा लावून वाचला.

"कोल्हापूरपतूर पुरतंय?"

"पुरतंय. थोडं उरतंय बी."

"हूं." चष्मा काढून खिशात ठेवत, "दोन गाड्या लगेच न्हाय घ्यायच्या. आधी एक. चालंल?"

"चालंल. पण परतीचा माल ठरल्याशिवाय ती यार्डातनं हलायची नाही. आणि घाटाखालची गिरण आपल्याशी करारानं बांधायची."

"तू सही करणार हायस का मी?"

"तुम्ही सही करा आण्णा. कागद मी करते."

त्यांनी दोर आपल्या ड्रायव्हरकडं फेकला. मी म्हटलं, "रिकामी गाडी एवढ्या लांब आणलीत, आणि रिकामीच नेणार." ते न ऐकल्यासारखं करून आमच्या गाडीकडं गेले आणि तात्याला म्हणाले, "सरक. मी चालवतो."

तात्या मधे बसला, मी खिडकीशी. आण्णांनी गाडी रस्त्यावर घेतली आणि इंजिनाचा आवाज शोधत कान दिला, अगदी काल तात्यानं दिला होता तसा. पुढं गावाबाहेरचा उतार लागला. आण्णांचा हात सवयीनं न्यूट्रलकडं गेला.

तात्यानं तो हात वरच्या वर धरला.

"आण्णा, न्हाय मारायचा. पगार बंद व्हतोय तिचा."

आण्णांनी पाय उचलला. गाडी आपोआप हळू झाली, आणि आम्ही तिघंही स्क्रीनकडं बघत राहिलो. आकडा एकानं वाढला. आरशात मागं आण्णांचा ट्रक दिसत होता, धूर सोडत, न वापरलेला दोर घेऊन रिकामा येत.